जाम सीट पिलर: तेल, बर्फ, व्हाइस आणि शेवटी करवत

सायकल स्टीलच्या फ्रेमची, सीटखालचा दांडा म्हणजे पिलर ॲल्युमिनियमचा, 27.2 मिमी, आणि तो फ्रेमच्या उभ्या नळीत जाम झालेला. मुक्काम गोव्यात समुद्रकाठी करंझाळे, म्हणजे खारा वारा बारा महिने आणि वर पावसाळा.

हा नुसता गंज नाही. दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी शिरलं की झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा अडवते. पिलर आणि नळीमधली फट मुळात केसाएवढी, त्यामुळे भुकटी पाचरीसारखी बसते.

वरून तेल ओतून काही होत नाही, ते पिलर आवळणाऱ्या क्लॅम्पपाशीच थांबतं. बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या आसाचं बेअरिंग) काढून फ्रेम उलटी केली आणि खालून तेल सोडलं. बीएसए या आट्यांच्या प्रकारच्या बीबीचा चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. हे विसरून जोर लावला तर फ्रेमचे आटे जातात. तेल म्हणजे एटीएफ (गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मेनिम्मे. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. ॲसिटोनने रंग उठतो, तेव्हा ओघळ लगेच पुसा.

आता तापवण्याचं. पुष्कळ जण सरळ हीट गन लावतात, पण या जोडीत ते उलटं पडतं: तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड आणखी आवळते. म्हणून उलट्या फ्रेममधून पिलरच्या पोकळीत बर्फाचा चुरा भरला आणि बाहेरून फ्रेमच्या नळीला हेअर ड्रायर दिला. फट मिळते फक्त शतांश-दोन शतांश मिलिमीटर, पण तेल आत शिरायला तेवढी पुरते. बर्फात मीठ मात्र घालू नका, सगळं दुखणं त्याचंच आहे.

नंतर पिलरचं डोकं व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) आवळून फ्रेमच दांड्यासारखी फिरवली. ओढायचं नाही, पिळायचं, दोन्ही दिशांना, आणि जोर मुख्य नळ्यांवर. मागच्या बारीक नळ्या धरल्या तर त्या वाकतात. ‘कट्’ आवाज झाला, दोन-तीन अंश हालचाल मिळाली, मग पुन्हा ठप्प. डोक्यापाशी पिलर पिळवटू लागला तिथेच थांबवलं. डोकं तुटलं की पकडायला काहीच उरत नाही.

मग करवत. पिलर क्लॅम्पच्या वर इंचभर कापला. इंचाला 18 दाती हेक्सॉ ब्लेडला एका टोकाला कापड गुंडाळून आतून उभी खाच. ॲल्युमिनियमने दात भरतात, मधूनमधून रॉकेलचा थेंब सोडावा. खोली कळण्याची युक्ती सोपी: खाली पडणाऱ्या चुऱ्यावर लोहचुंबक फिरवत राहा. ॲल्युमिनियमचा चुरा चिकटत नाही. काळसर कण चिकटू लागले की पाती फ्रेमला लागली, तिथे हात आवरा. पहिल्या खाचेपासून दोनेक सेंमीवर दुसरी, मग मधली पट्टी पक्कडीने आत दुमडली. बाकीचा पिलर सैल होऊन हाताने निघाला.

कॉस्टिक सोड्यानेही ॲल्युमिनियम विरघळतं, पण हायड्रोजन सुटतो आणि हातावर उडाला तर भाजतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर तो लावूच नये, फ्रेमच खाईल.

सध्या नळी आतून एमरी कापडाने साफ होते आहे. वरच्या 40 मिमीत अजून भुकटीचे डाग आहेत. नवा पिलर घालताना अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या ग्रीसचा) पातळ थर, वरच्या फटीवर चाकाच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, बीबीच्या तळाचं पाणी सुटायचं भोक मोकळं, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पिलर काढून पुसायचा.