विशेष शिक्षिका येईपर्यंत थांबू नका

मी पाटण, कराड भागातल्या शाळांना भेटी देणारी विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग पोरांना नेहमीच्याच वर्गात सगळ्यांबरोबर शिकवायचं काम करते. एकेका शाळेत आठवड्यातून एकदा जाणं झालं तरी खूप, बाकीचे सगळे दिवस पोरगं वर्गशिक्षकाकडंच असतं, त्यामुळं ते शिकणार की नुसतं बसून राहणार हे त्यांच्यावरच ठरतं.

पाटणकडं एका झेडपी शाळेत तिसरीच्या बाई आहेत. त्यांच्या वर्गात एक मुलगी कानाला मशीन लावते. आता मशीन सगळेच आवाज मोठे करतं, बाईंचा आवाज पण आणि पत्र्यावरच्या पावसाचा पण, आणि आमच्याकडं जुलैत पत्रा कसा वाजतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाई काय करतात तर फळ्याकडं तोंड करून बोलतच नाहीत, आधी लिहितात, मग वळतात, मग बोलतात. खिडकीला पाठ करून उभ्या राहत नाहीत कारण तोंडावर अंधार आला की ओठ दिसत नाहीत. मागच्या पोरानं उत्तर दिलं की त्याचं नाव घेऊन तेच उत्तर परत सांगतात, म्हणजे हिला कळतं कोण काय बोललं. पाऊस वाढला की बोलणं बंद, जोडीजोडीनं पाटीवर गणितं. आणि खरं सांगू, याचा फायदा अख्ख्या वर्गाला झालाय, मागं गप्प बसणारी दोन पोरं आता हात वर करतात.

यासाठी वेगळी पदवी लागली नाही, पोरगी आपली आहे हे बाईंनी मनात पक्कं धरलंय एवढंच. उलट काही ठिकाणी मॅडम आल्या की बघतील म्हणून पोराला कोपऱ्यात चित्रं रंगवायला देतात. त्या शिक्षकांचा मला राग नाही, दोन शिक्षक चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची, पण त्यात पोराचं वर्ष जातं हो. आणि नुसती माया करून काही न विचारणं हेही तितकंच वाईट, त्याला पण प्रश्न विचारा, चुकू दे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आलेत, 1995 च्या कायद्यात 7 च होते. म्हणजे वाचताना अक्षरं अडणारं पोरगं पण त्यात येतं, आणि असं एखादं बहुतेक शाळांत सापडतंच. पुढं परीक्षेला लेखनिक, म्हणजे पोरानं तोंडी सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, मिळतो, तासाला निदान 20 मिनिटं जादा मिळायला पाहिजेत असं केंद्राच्या 2018 च्या सूचनांमध्ये सांगितलं होतं. पण उत्तर तोंडानं नीट सांगायची सवयच नसेल तर लेखनिक काय लिहिणार? म्हणून हायस्कूलच्या सरांना मी म्हणते, आठवीपासूनच चाचणीला दुसऱ्या वर्गातला मुलगा लिहायला बसवा, आणि सांगताना पोरगं कुठं अडलं ते वहीत दोन ओळी लिहून ठेवा, मी आले की तिथूनच सुरू करू.