धोतराच्या निऱ्या, दुसरा प्रयत्न: काठ आधी, सावली नंतर

मागच्या नोंदीत गेममधल्या पात्रासाठी रंगवलेलं धोतर पुसून टाकलं. अकरा संध्याकाळी गेल्या होत्या त्याच्यावर, लेयर डिलीट करताना जिवावर आलं, पण आबांनी स्क्रीनकडे बघून जे विचारलं त्यानंतर ठेवण्यात काही अर्थच नव्हता. ‘हाई धोतर शे का गोणपाट?’ एवढंच. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं आणि चहा प्यायला निघून गेले.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मित्र एक छोटा गेम बनवतोय, सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर, दत्तजयंतीला तापीकाठी जी यात्रा भरते ना ती, आणि त्यातला म्हातारा घोडेव्यापारी माझ्या वाट्याला आलाय. मॉडेल २४०० ट्रँगलचं, म्हणजे त्रिकोणी तुकड्यांचं, अंगाला सगळं मिळून एकच १०२४ पिक्सेलचं टेक्श्चर (मॉडेलवर गुंडाळायचं सपाट चित्र), नॉर्मल मॅप (खोटा उंचसखलपणा दाखवणारं चित्र) नाही, जे काय आहे ते हाताने रंगवायचं. मेशमध्ये, म्हणजे त्या त्रिकोणांच्या सांगाड्यात, निऱ्या नाहीतच, पाय म्हणजे दोन फुगीर नळ्या, त्या नळ्यांचं धोतर करायचं ते फक्त रंगातून. मी दिवसा दुकानात, रात्री क्रिटा (रंगवायचं सॉफ्टवेअर) आणि ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलचं), त्यात मे महिना, चोपड्याकडचा मे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, कूलरसमोर बसूनही मनगट टॅबलेटला चिकटतं, शेवटी जुन्या मोज्याची बोटं कापून हातात घातला तेव्हा कुठे रेघ सरळ यायला लागली.

तर चुकलं काय होतं. मी प्रत्येक चुणीला आधी गडद रेघ मारायचो, तिच्या दोन्ही बाजूंनी एअरब्रशने सावली पसरवायचो, आणि मधल्या फुगवट्यावर पांढरा. सगळीकडे तेच. त्यामुळे प्रत्येक घडी म्हणजे एकेक छोटी उशी झाली, दोन्ही कडा सारख्याच मऊ, उजेड कुठून येतो काही पत्ता नाही. वरून सावलीला सरळ काळा रंग मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारा मोड) टाकलेला, म्हणजे पांढरं कापड मळकट राखाडी. गोणपाट म्हणाले ते काही उगाच नाही.

मग एका रविवारी रात्री आबांनाच ओट्यावर उभं केलं. धुतलेलं धोतर, बाकी लाईट बंद, एका हातात टॉर्च. मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला, पुढचा कॅमेरा चालू, म्हणजे फ्रेममध्ये काय येतंय ते मला टॉर्च धरल्याधरल्या दिसेल, आणि टायमर लावून फोटो काढत बसलो. पुढून, मागून, एक पाय पायरीवर ठेवून, उकिडवं बसून. चाळीस-पंचेचाळीस झाले. ‘इतला फोटू कसाले?’ चालूच होतं, पण मनातून खूश होते.

ते फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की चुणी कुठेही उगवत नाही. कापड कुठेतरी धरलेलं असतं, तिथून ती निघते. धोतराला धरून ठेवणाऱ्या जागा मोजक्याच: पुढे बेंबीखाली जिथे निऱ्या खोचल्यात ती जागा, मागे कासोटा, आणि वाकलेला गुडघा. निऱ्या पुढच्या खोचणीतून सरळ खाली लोंबतात, वर चिमटीत धरल्यासारख्या बारीक आणि खाली रुंद होत जातात. कासोट्याचं कापड मात्र दोन पायांमधून ताणून मागे वर गेलेलं, त्यामुळे मांडीच्या आतल्या बाजूने ज्या वळ्या पडतात त्या लोंबत नाहीत, तिरप्या ओढल्या जातात, सगळ्यांचं तोंड मागच्या कमरेकडे. आणि या दोन ओढींच्या मध्ये, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कापड ढिलं सुटून झोळीसारखं पडतं. मी आधी काय केलं होतं तर अख्ख्या पायावर उभ्या रेघा. धोतराला कासोटा आहे हे त्या टेक्श्चरला माहीतच नव्हतं!

आता काढताना मी आधी त्या तीन जागांवर लाल ठिपके देतो, वेगळ्या लेयरवर, आणि प्रत्येक चुणी कुठल्या ना कुठल्या ठिपक्यातून निघते का बघतो. जी निघत नाही ती खोडायची.

एक निरी जवळून सांगतो, कारण सगळा जीव तिच्यातच आहे. नळीची कौलं बघितली असतील ना जुन्या घरावर, एक पालथं एक उताणं, निरीचा आडवा छेद साधारण तसाच. समजा उजेड वरून आणि थोडा डावीकडून येतोय. पालथ्या कौलाची डावी उतरण उजेडात, तिथे मूळ रंगापेक्षा जरा उजळ. माथा ओलांडला की रंग हळूहळू उतरायला लागतो, ही कड मऊ, इथे ब्रश दाबायचा नाही. मग उजवीकडे जिथे ही निरी शेजारच्या निरीवर चढते तिथे कापड एकदम संपतं, ती कड मात्र ब्लेडने कापल्यासारखी, आणि तिला लागूनच शेजारणीवर पडलेली सगळ्यात गडद सावली. म्हणजे एका निरीला एक कड मऊ आणि एक कडक. आणि त्या गडद पट्टीच्या अलीकडे, निरीच्याच सावलीतल्या बाजूला, शेजारच्या कापडावरून उलटा आलेला अगदी मंद उजेड, दोन पिक्सेलचा. तो टाकला की निरी गोल दिसते, नाही टाकला की पुठ्ठ्याची. पण तो उजेडातल्या बाजूपेक्षा कधीच उजळ नको, मी पहिल्यांदा जास्त टाकला तर धोतर स्टीलचं दिसायला लागलं.

ही कडक कड खालपर्यंत सारखी कडक ठेवायची नाही, खोचणीपाशी कडक, पोटरीपर्यंत येता येता सुटत जाते, कुठेकुठे गायबच होते. हे जमायला मला तीन रात्री लागल्या आणि अजूनही पाचातली एक निरी फसते.

आता काठाचं. मधे एकदा अजिंठ्याला जाऊन आलो, जळगावहून जेमतेम साठेक किलोमीटर, लहानपणापासून किती वेळा गेलो असेन पण कपडे बघायला पहिल्यांदाच गेलो. फ्लॅश चालत नाही, लेण्यात उजेड मंद, नुसतं उभं राहून बघायचं. तिथल्या चित्रांत कमरेखालच्या वस्त्रावर आडवे पट्टे असतात, आणि कितीतरी ठिकाणी घडीची सावली जवळपास नाहीच, तो पट्टाच मांडीवरून वळत जातो आणि मांडी गोल दिसते. तिथेच भिंतीपुढे मला घाम फुटला. माझ्याकडे धोतराचा लाल काठ होता आणि मी तो शेवटी, सगळं शेडिंग झाल्यावर, सरळ पट्टी मारून चिकटवला होता.

घरी येऊन उलटं केलं. मूळ रंग सपाट भरला आणि त्याच्यावर थेट काठ काढला, सावलीचा पत्ता नसताना. खाली निऱ्यांच्या टोकाशी काठ नागमोडी जातो, पालथ्या कौलावर खाली झुकतो, खाचेत वर सरकतो, जिथे एक निरी दुसरीमागे लपते तिथे मधेच तुटतो आणि पुढे थोडा वरून परत सुरू होतो. एवढं केलं आणि काय सांगू, एकही सावली नसताना धोतर दिसायला लागलं. म्हणून आता माझा क्रम असा: काठ, मग पायाच्या नळीचा मोठा उजेड-अंधार, मग निऱ्या, मग बारीक चुण्या. पायाचा गोलपणा आधी आणि घड्या नंतर हे सगळेच सांगतात, मला मात्र काठाने पटवलं.

जाता जाता अजिंठ्यावरूनच आठवलं, आपल्या जुन्या चित्रसूत्रात (विष्णुधर्मोत्तर पुराणातला चित्रकलेचा भाग) छटा द्यायच्या पद्धतीला वर्तना म्हणतात आणि तिचे तीन प्रकार दिलेत, पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. बिंदुज म्हणजे ठिपक्यांनी छटा. जुन्या गेममधलं डिदरिंग, म्हणजे मोजक्या रंगांच्या ठिपक्यांनी छटा भासवणं, दुसरं काय असतं भो.

रंगाचं. पांढऱ्या धोतराला पांढरा रंग वापरायचा नाही हे कळायला वेळ लागला. मूळ रंगाची व्हॅल्यू (उजळपणा, शंभरपैकी) मी आता ७८ च्या आसपास ठेवतो, किंचित पिवळट, म्हणजे उजेडाला वर चढायला जागा राहते. उजेडाची जागा ९५ पर्यंत, तीही मोजक्या ठिकाणी, गुडघा आणि खोचणीच्या वर फुगलेला भाग. सावली निळसर जांभळट, व्हॅल्यू ५० च्या खाली फक्त खोल खाचेत. दुपारी अंगणात वाळत घातलेलं धोतर बघा, सावलीतला भाग निळा दिसतो, आभाळाचा, आणि खालच्या टोकाला जमिनीचा रंग चढतो. मी घोट्यापाशी काळ्या मातीचा तपकिरी हात फिरवला, तो धूळ म्हणूनही चालतो आणि वरून खाली गडद होत गेल्याने नजर चेहऱ्याकडे जाते. सुती कापड असल्यामुळे चमक नाही, उजेड रुंद आणि मवाळ. बारीक पांढरी चमकदार रेघ मारली की लगेच रेशमी सोवळं होतं.

तांत्रिक कटकटी थोडक्यात. आधी दोन्ही पायांचे यूव्ही (टेक्श्चरवर त्यांना मिळालेली जागा) एकावर एक होते, अर्ध्या जागेत काम. पण निऱ्या मधोमध आणि कासोटा एका अंगाला म्हटल्यावर मिररिंग उघडं पडतं, डाव्या पायावरचा डावा उजेड उजव्या पायावर उजवा होतो. शेवटी पाय वेगळे केले, जागा बंडीच्या पाठीतून काढली, पाठ कोण बघतो. आतल्या मांडीच्या शिवणीवर पांढरी रेघ दिसत होती, ब्लेंडरमधलं ब्लीड (कडेबाहेर रंग किती पिक्सेल पसरवायचा ते) २ वरून ८ केल्यावर गेली. एओ (कोपऱ्याखाचांत साचणारा अंधार) बेक केला, म्हणजे ब्लेंडरकडूनच काढून घेतला, पण मेशमध्ये निऱ्याच नसल्याने त्यातून फक्त काखेतला आणि दोन पायांमधला अंधार मिळतो, तो चाळीस टक्क्यांवर ठेवून दिला.

आणि एक महत्त्वाचं, गेममध्ये हा माणूस स्क्रीनवर जेमतेम दोनशे पिक्सेल उंच आहे. टेक्श्चर तिथे आपोआप लहान केलेलं वापरलं जातं आणि माझ्या तीन पिक्सेलच्या देखण्या चुण्या चालताना नुसत्या मुंग्यांसारख्या वळवळत होत्या. आता दर अर्ध्या तासाने अख्खं चित्र १२८ पिक्सेलला लहान करून बघतो. तेरा निऱ्या काढल्या होत्या, सात ठेवल्या, जास्त धोतर दिसतं. गुडघ्यावरच्या चुण्याही अर्ध्या केल्या, कारण पाय सरळ झाला तरी त्या तिथेच राहतात, रंगच तो, जाणार कुठे.

परवा रात्री लाईट गेली तेव्हा दोन तासांचं काम सेव्ह नव्हतं, त्याबद्दल बोलत नाही.

काल आबांना परत दाखवलं. या वेळी खुर्ची ओढून बसले. मॉडेल फिरवून दाखवलं, त्यांनी काठावर बोट फिरवलं, स्क्रीनवर ठसा उमटला. गोणपाट नाही म्हणाले. मग थोडं पुढे वाकले आणि म्हणाले, ‘सोगा उलटा खोसेल शे.’

मला कळेचना. मग मोबाईल काढून फोटो बघितले. पुढचा कॅमेरा. चाळीसच्या चाळीस फोटो आरशातले, डावं उजवीकडे. म्हाताऱ्याने आयुष्यभर ज्या बाजूला कासोटा खोचला त्याच्या बरोबर उलट माझा घोडेव्यापारी खोचून उभा आहे.

धोतराचा मेश एक्स अक्षावर उलटा केला, नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते) फ्लिप केले, डाव्या-उजव्या पायाची वेट्स (कुठला भाग कुठल्या हाडाबरोबर हलतो ते) अदलाबदल केली, वीस मिनिटांचं काम. फक्त आता बंडीवर उजेड डावीकडून येतोय आणि धोतरावर उजवीकडून. धोतर तर मी परत रंगवत नाही, तेव्हा या हप्त्यात बंडी, आणि फेटा त्याच्या पुढच्या.