थंड हीटसिंक, तापलेली चिप

"सकाळी गुमान चालतंय. जेवणं झाली की बसतंय बघा," लेथवरच्या मामांनी हात पुसत सांगितलं. कुपवाड एमआयडीसीतलं वर्कशॉप, एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा. शेडमध्ये ३९ अंश होते. मशीन चालवणारा संगणक ४८६चा, म्हणजे नव्वदीच्या दशकातल्या प्रोसेसरचा. मशीनचं आयएसए कार्ड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं कार्ड, आजच्या साध्या बोर्डात बसत नाही, त्यामुळे मालकांनी ही पेटी जिवापाड जपलेली.

मूळचा ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स२ प्रोसेसर गेल्यावर तिथे एएमडीचा १३३ मेगाहर्ट्झचा ५एक्स८६ बसवला होता. १९९५चा हा प्रोसेसर मला फार आवडतो. जुन्या ४८६ बोर्डाला त्याने खरंच नवं आयुष्य दिलं. पण त्याला लागतात ३.४५ व्होल्ट आणि हा बोर्ड देतो ५. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटरचा अडॅप्टर. दीडेक व्होल्टचा तो फरक रेग्युलेटर उष्णता करूनच टाकतो. म्हणजे आधी एक ठिकाण तापायचं, आता शेजारी शेजारी दोन.

दुपारी मशीन बसलं तसं झाकण काढून हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरच्या चिपवरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला, बोट लावलं. जेमतेम कोमट. पंखाही फिरत होता. कुणीही म्हणेल, तापण्याचा प्रश्न नाही, रॅम बघा. मी चिपच्या सिरॅमिक कडेला बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. मीटरची तापमानाची वायर तिथे धरली तर ६८ अंश! चिपच्या नंबरात शेवटचं अक्षर डब्ल्यू होतं. त्याचा अर्थ कवच ५५ अंशांच्या वर जाता कामा नये. झेड असता तर ८५पर्यंत चाललं असतं. म्हणजे ३९ अंशांच्या शेडमध्ये हातात उरतात फक्त १६ अंश, आणि त्यातले काही पेटीतल्या कोंडलेल्या हवेनेच खाल्लेले.

चिप भाजतेय आणि हीटसिंक गार, याचा अर्थ उष्णता वर चढतच नाही. जुन्या सॉकेटला हीटसिंकची क्लिप अडकवायला कान नसतात, म्हणून तो फोमच्या साध्या डबल टेपने चिकटवला होता. फोममध्ये हवा असते; उन्हाळ्यात चिपला गोधडी पांघरल्यासारखंच ते. असा हीटसिंक स्क्रूड्रायव्हर घालून कधीही उचकटू नये, सिरॅमिकचा टवका उडतो नाहीतर खालचा ट्रॅक तुटतो. तंगूस घेतली आणि करवतीसारखी पुढे-मागे ओढत टेप कापली. डिंक स्पिरिटने पुसला, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली आणि चिपच्याच कडा धरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीने नवा, बुटका हीटसिंक बसवला.

बुटका मुद्दाम घेतला. अडॅप्टरमुळे चिप वर उचलली गेली होती आणि जुना पंखा हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला जवळजवळ टेकला होता. पातं फिरत होतं, पण ओढायला हवाच नव्हती. अशा कामात पंखा फिरतोय का एवढंच बघतात. त्याच्या तोंडापुढे किती मोकळी जागा आहे, ते बघायला हवं. मी ८० मिलिमीटरचा पंखा बाजूला पट्टीवर लावला, अशा कोनात की वारा हीटसिंकवरून जाऊन रेग्युलेटरलाही लागेल. १२ व्होल्ट डिस्कच्या वायरीतून घेतले. लेथच्या शेडमध्ये हवेत तेलाचा धूर आणि लोखंडाची बारीक पूड असते, ती बोर्डावर बसली तर शॉर्टच. म्हणून हवा आत येते तिथे स्पंजची जाळी लावली.

मशीन दुपारभर चालवलं. चारच्या उन्हात चिपची कड ५१ अंशांवर थांबली, पुढे सरकली नाही. मामांनी अडकलेला जॉब पुरा केला. जाळी दर शनिवारी धुवायची, हे त्यांनी पेटीच्या बाजूला खडूने स्वतःच लिहून ठेवलं.