डाव्या पायाचं काय करायचं?

आमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आली ती नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमुळे. मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत क्लच दाबून दाबून पोटरी भरून यायची, ते थांबलं. पण घरात नवा वाद सुरू झाला: ब्रेक डाव्या पायाने मारायचा का?

अप्पा, म्हणजे माझे सासरे, मारतात. "दोन पेडल, दोन पाय. हिशोब सरळ आहे." उजवा गुडघा दुखतो हे दुसरं कारण, पण ते स्वतःहून कधी सांगायचे नाहीत. माझा भाचा त्यांना सामील. "फॉर्म्युला वनवाले पण डाव्यानेच मारतात, अप्पा!"

मारतात खरे. त्यांचा क्लच स्टिअरिंगवर असतो, पायाशी दोनच पेडल. रॅलीत तर १९६० च्या दशकातच फिनलंडचे ड्रायव्हर हे करायचे. गाडीची ओढ पुढच्या चाकांना. उजव्या पायाने रेस धरून ठेवायची, डाव्याने ब्रेक, की मागची बाजू वळणात सरकते. आपल्याला इंदिरानगरच्या अंडरपासपाशी मागची बाजू सरकवून जायचं कुठे आहे?

वेळ वाचतो, हे मात्र मला पटतं. ६० च्या वेगाला गाडी सेकंदात १६-१७ मीटर जाते. पाय रेसवरून ब्रेकवर न्यायचा पाव सेकंद वाचला तरी चार मीटर झाले.

म्हणून एका रविवारी सकाळी कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर करून पाहिलं. २० चा वेग, डावा पाय ब्रेकवर, अगदी हलका दाब. निदान मला तो हलका वाटला. गाडी जागच्या जागी उभी, पट्टा खांद्यात रुतला, मागच्या सीटवरची भाजीची पिशवी खाली आणि टोमॅटो चपलांपर्यंत. क्लच एका दमात तळापर्यंत दाबायचा आणि हळूहळू सोडायचा असतो. ब्रेकचं उलटं, तो हळूहळू दाबायचा. डाव्या पायाचं सगळं कसब सोडण्यात आहे, दाबायचं त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

सरावाने जमतं. अप्पांना बरंचसं जमलंय. पण त्यांचा पाय ब्रेकवर टेकलेलाच राहतो आणि मागचे लाल दिवे उगाच पेटत राहतात. द्वारकेला एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, थांबताय का चाललाय, एकदा ठरवा!" कसारा उतरताना पाय असा टेकून ठेवला तर पॅड तापतात, ब्रेकचं ऑइल उकळायला लागलं की पेडल मऊ पडतं. घाटात गिअर खालचा घ्यावा आणि लागेल तेवढाच ब्रेक मारून पाय उचलावा. शिवाय डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे डावीकडे पाय टेकायच्या पट्टीवर, रोवलेला असला की जोरात ब्रेक मारताना अंग सावरतं. दोन्ही पाय पेडलवर असले तर अंग पुढे जातं आणि दोन्ही पेडल एकदम दाबली जाऊ शकतात. बऱ्याच नव्या गाड्यांत अशा वेळी रेस आपोआप तुटते. बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हेत.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. निफाडच्या मळ्यावर आमची जुनी पिकअप आहे, क्लचवाली. अप्पा सकाळी ऑटोमॅटिक चालवतात, दुपारी पिकअप. एकीत डावा पाय म्हणजे ब्रेक, दुसरीत क्लच. निवांत असताना हे लक्षात राहतं. कुत्रं आडवं आलं की पाय डोक्याला विचारत बसत नाही. पिकअपमध्ये ब्रेक समजून क्लच दाबला की इंजिनचा अडसरही सुटला, गाडी तशीच पुढे.

"अप्पा, डावा पाय वापरायचाय ना, मग एकच गाडी चालवा."

"आणि द्राक्षं काय, ऑटोमॅटिकच्या डिकीतून आणू?"

सध्या तोड अशी निघाली आहे की पिकअप भाऊजी चालवणार आणि अप्पा शेजारी बसणार. शेजारी बसूनही ते दोन्ही पायांनी ब्रेक मारत असतात, असं भाऊजी सांगतात. गुडघा डॉक्टरांना दाखवायचं अजून राहिलंच आहे.