सर्व्हरवर 'गिट पुल' का नको

चार-पाच सर्व्हरवर एकच सॉफ्टवेअर चालवायचे असेल, तर फाइली एफटीपीने (फाइली हाताने पाठवण्याच्या पद्धतीने) चढवण्यापेक्षा ते काम गिटवर, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर, सोपवावे, असे माझे मत आहे. वेळ वाचतोच; पण त्याहून मोलाचे हे, की कोणत्या सर्व्हरवर नेमका कोणता कमिट (नोंदवलेला बदल) आहे याचे उत्तर एका कमांडमध्ये मिळते आणि कोणी घाईघाईत थेट तिथेच एखादी फाइल बदलून ठेवली असेल, तर 'गिट स्टेटस' तेही उघड करते.

यासाठी प्रत्येक सर्व्हरवर एक बेअर रिपॉझिटरी (कामाच्या फाइली नसलेला, फक्त इतिहासाचा साठा) ठेवावी आणि तिच्या हुक्स फोल्डरमध्ये 'पोस्ट-रिसीव्ह' नावाची छोटी शेल स्क्रिप्ट लिहावी. अशा आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला हुक म्हणतात. पुश (आपल्या यंत्रावरून पाठवलेले कमिट) पोहोचला की गिट ती स्क्रिप्ट चालवते आणि बदललेल्या प्रत्येक ब्रँचसाठी (कोडच्या शाखेसाठी) जुना कमिट, नवा कमिट व ब्रँचचे नाव अशी एक ओळ तिच्या इनपुटवर देते. ब्रँच हवी तीच असल्याची खात्री करून स्क्रिप्टने वेगळ्या फोल्डरमध्ये चेकआउट करायचे, म्हणजे त्या कमिटच्या फाइली तिथे उतरवायच्या. त्यामुळे वेबसाइटच्या फोल्डरमध्ये 'डॉट गिट' हे इतिहासाचे फोल्डर राहत नाही, आणि साऱ्या जगाला आपला इतिहास डाउनलोड करण्याची सोय होत नाही. रिपॉझिटरी क्लोन करताना (तिची प्रत घेताना) हुक सोबत येत नाहीत, म्हणून ते प्रत्येक यंत्रावर वेगळे बसवावे लागतात.

सगळ्या सर्व्हरवर एकदम पुश करायचा, तर एकाच रिमोटला (दूरच्या रिपॉझिटरीच्या नोंदीला) अनेक पुश-पत्ते जोडता येतात. मात्र पहिला पुश-पत्ता जोडताच मूळ पत्त्यावर पुश जाणे थांबते, त्यामुळे तो मूळ पत्ताही पुन्हा जोडावा लागतो. शिवाय एखादा सर्व्हर बंद असेल, तर त्याच्यावर जुना आणि बाकीच्यांवर नवा कोड अशी अवस्था होते.

अनेकजण याऐवजी सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) 'गिट पुल' चालवतात. ते मला पटत नाही. पुल म्हणजे फेच (नवे कमिट आणणे) आणि मर्ज (ते आपल्या कोडमध्ये मिसळणे); आणि मर्जचा तंटा सोडवायला पहाटे तीन वाजता सर्व्हरवर कोणी बसलेले नसते. फेच करून ठरलेला टॅग (कमिटला दिलेले आवृत्तीचे नाव) चेकआउट करावा, आणि सर्व्हरला रिपॉझिटरी फक्त वाचता येईल अशीच प्रवेशाची किल्ली द्यावी.

गिटच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. साध्या फाइलच्या परवानग्यांपैकी ते फक्त 'चालवता येते की नाही' एवढेच जपते. मालक, गट किंवा रिकामे फोल्डर त्याच्या हिशेबात नसतात. म्हणूनच लिनक्सच्या 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरचा इतिहास ठेवणारे 'ईटीसीकीपर' ही माहिती स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये नोंदवते. चेकआउट एकेक फाइल लिहीत जाते, त्यामुळे क्षणभर अर्धा कोड जुना आणि अर्धा नवा असतो. वर्दळीच्या साइटसाठी नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून शेवटी सिमलिंक (चालू फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) बदलणे बरे. डेटाबेसचे तर गिटला काहीच ठाऊक नसते: जुना टॅग परत आणता येतो, काढून टाकलेला कॉलम येत नाही.

यंत्रे डझनाच्या पुढे गेली की हुक सांभाळणे हेच काम होऊन बसते. तेव्हा मी ॲन्सिबल हे अनेक यंत्रे एकत्र सांभाळणारे साधन घेतो. त्याच्या गिट मॉड्यूललाही शेवटी मी टॅगचेच नाव देतो.