ब्राह्मीघृत घरी करताना

वडिलांचं अल्झायमरचं औषध (डोनेपेझिल) चालू होतं. जोडीला ब्राह्मीघृत (ब्राह्मीत सिद्ध केलेलं औषधी तूप) द्यायचं म्हटलं आणि पहिली अडचण रोपवाटिकेतच आली. 'ब्राह्मी' म्हणून हाती पडली ती लांब देठाची, गोल दातेरी पानांची मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा. तीही मेध्य (बुद्धी-स्मृतीला पोषक) मानतात, पण मला हवे ते बॅकोसाइड्स (स्मृतीसाठी अभ्यासले गेलेले घटक) असतात ते नीरब्राह्मीत. तिची पानं नखाएवढी, जाडसर, जवळजवळ बिनदेठाची, समोरासमोर जोडीनं येतात. चावली की कडूजहर. नाल्याकाठची मात्र घेऊच नका, ती पाण्यातले जड धातू शोषून घेते.

प्रमाण ग्रंथांतलंच ठेवलं: कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा गोळा) 1 भाग, तूप 4, रस 16. म्हणजे पाव किलो गाईच्या तुपाला साधारण 60 ग्रॅम वाटलेली ब्राह्मी आणि 1 लिटर रस. मूळ पाठात वेखंडही आहे. त्यातल्या बीटा-असारोन या घातक मानल्या जाणाऱ्या घटकामुळे मी वैद्यांना विचारून ते वगळलं.

जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि सतत ढवळणं, कारण कल्क बुडाला लागतो. पाणी आटत आलं की फेस बसतो. तेव्हा चिमूटभर कल्क बोटांत वळून बघायचा. त्याची वात झाली आणि ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, की तूप सिद्ध झालं. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, अशा तुपाला पुढे बुरशी येते. माझी पहिली खेप उलट बाजूनं बिघडली: कल्क कडक, काळपट झाला. हा खरपाक, पोटात द्यायला निरुपयोगी. तूप गरम असतानाच गाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरलं.

देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं, आणि ते फार गरजेचं होतं. डोनेपेझिलनं नाडी मंदावू शकते, ब्राह्मीनं त्यात भर पडू शकते. म्हणून रोज सकाळी नाडी मोजायची. 55 च्या खाली गेली किंवा चक्कर आली, तर तूप बंद करून लगेच फोन करायचा, असं त्यांनी बजावलं. मात्रा वैद्यांनी ठरवली: सकाळी अर्धा चमचा, कोमट पाण्यासोबत. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि पातळ शौच झालं. नाश्त्यानंतर द्यायला लागल्यावर ते थांबलं.

वहीत तीनच गोष्टी लिहिल्या: झोप, नाडी, तोच प्रश्न दिवसात किती वेळा. 12 आठवडे दुसरं काही नवीन सुरू केलं नाही, नाहीतर फरक कशाचा ते कळत नाही. झोप सुधारली, प्रश्न तेवढेच राहिले. डोनेपेझिलची गोळी एकदाही चुकवली नाही.