सातव्या खणातला दिवा

सकाळी साडेसहाला फोन आला : सर्व्हरच्या रेड-५ मधली (अनेक डिस्क जोडून केलेला साठा, त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो) एक डिस्क गेली. इंदूरला पलासियाच्या चौकात पोहे सांगितले होते, ते तसेच ठेवून निघालो. समोर डिस्कचं बारा खणांचं कपाट, सगळे दिवे हिरवे. कंट्रोलर एचबीए मोडमध्ये (डिस्क स्वतः न सांभाळता थेट लिनक्सच्या हाती देणारा) असला की डिस्क मेल्याचं लिनक्सला कळतं, पण खणावरचा लाल दिवा आपोआप लागेलच असं नाही. रेड-५ मध्ये एक गेल्यावर चुकून दुसरी चांगली ओढली, तर सगळा ॲरे, म्हणजे डिस्कचा अख्खा संच, बसतो. माझे हात थंड पडले होते, खरंच.

लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीसी, एसडीडी या नावांवर मी विसंबत नाही, रीबूटनंतर ती बदलू शकतात. सीरियल नंबरच खरा. एरवी लेडमॉन पॅकेजमधलं लेडसीटीएल हे टूल डिस्कचं नाव देऊन दिवा लावतं. पण ही डिस्क कर्नललाच (लिनक्सच्या गाभ्यालाच) दिसेनाशी झाली होती, नाव कुठून देणार? मग एसजी-एसईएस हे दुसरं टूल. हे डिस्कशी बोलत नाही, थेट कपाटाशीच, म्हणजे बॅकप्लेनच्या एन्क्लोजरशी बोलतं, खणाच्या क्रमांकाने. जिवंत अकरा डिस्क सीरियलसकट खणांशी जुळवल्या. उरला सातवा. 'लोकेट' (जागा दाखव) दिलं आणि तिथला दिवा लुकलुकायला लागला.

सोबतच्या नव्या मुलाने विचारलं, "दादा, ओढू?" म्हटलं, थांब, आधी लेबलवरचा नंबर वाच. जुळला. नवी डिस्क बसवून रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा भरणं, सुरू केलं आणि लोकेट आठवणीने बंद केलं. तो दिवा तसाच राहिला, तर पुढच्या वेळी येणारा माणूस धड असलेली डिस्क काढेल.

आता रीबिल्ड ६२ टक्क्यांवर आहे. संपेपर्यंत इथेच बसलोय.